झाकण पाहून डबा घ्यावा

स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांविषयी बोलताना रंग, आकार आणि किंमत यांची चर्चा पुष्कळ होते, झाकणाची मात्र क्वचितच होते. वास्तविक डब्याचे सगळे काम झाकणावर अवलंबून असते. भिंती आणि तळ जिन्नस धरून ठेवतात, एवढेच. पावसाळ्यात चिवडा सादळणार की नाही, रव्यातली कीड शेजारच्या बेसनात शिरणार की नाही आणि हिंगाचा वास साखरेला लागणार की नाही, हे झाकणच ठरवते. म्हणून या परीक्षणात मी डब्यांची विभागणी कंपनीप्रमाणे न करता झाकणाप्रमाणे केली आहे: दाबून बसवायचे लवचीक झाकण, फिरकीचे झाकण आणि चारही बाजूंना क्लिपा असलेले झाकण. तिन्ही प्रकार आमच्या घरात बरीच वर्षे रोजच्या वापरात आहेत. मला या वस्तूंची मनापासून आवड आहे, हेही सुरुवातीलाच सांगते. आतला जिन्नस दाखवणारे, एका मापाचे डबे फळीवर ओळीने लागलेले असले की स्वयंपाकाला उभे राहण्याचा हुरूप येतो, आणि भर घाईच्या वेळी हात नेमका हव्या त्या डाळीवर पडतो.

दाबून बसवायच्या झाकणाचा उगम अमेरिकेतला आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील अर्ल टपर यांनी ड्यूपाँ कंपनीकडून पॉलिएथिलीनचा टाकाऊ चोथा मिळवला, तो शुद्ध करून त्यापासून हलकी, सहजी न फुटणारी भांडी घडवली, आणि रंगाच्या डब्याचे झाकण उलटे धरल्यावर जशी कड दिसते तशी कड आपल्या झाकणाला दिली. १९४६ साली ही भांडी टपरवेअर या नावाने बाजारात आली, पण दुकानांत ती फारशी खपेनात, कारण झाकण बसवायचे कसे हेच गिऱ्हाइकांना उमगत नव्हते. कड सगळीकडून बसवायची, मग एक बाजू किंचित उचलून मध्यभागी दाबायचे, आतली थोडी हवा बाहेर जाऊ द्यायची आणि कड पुन्हा मिटवायची, ही कृती हातात डबा घेऊनच दाखवावी लागत होती. ब्राउनी वाइज यांनी घरोघरी बायकांचे मेळावे भरवून ती दाखवली, आणि त्यांच्या विक्रीचा जोर पाहून कंपनीने १९५१ साली दुकानांतली विक्री थांबवून सगळा व्यवहार या मेळाव्यांकडे वळवला. १९५४ साली ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या त्या पहिल्या महिला ठरल्या. चारच वर्षांनी कंपनीने त्यांना काढून टाकले, आणि त्याच वर्षी टपर यांनी कंपनी विकली. हा अन्याय होता असे मला वाटते. डबा टपर यांनी घडवला हे खरे, पण तो वापरायला जगाला शिकवले ते ब्राउनी वाइज यांनी.

भारतात टपरवेअर १९९६ साली आले. आपल्याकडे भिशीची पद्धत आधीपासूनच रुजलेली असल्यामुळे चार मैत्रिणींनी जमून डबे पाहायचे, झाकणे लावून बघायची आणि महिन्याच्या हिशेबात बसेल तेवढी खरेदी करायची, हे इथल्या बायकांना मुळीच परके वाटले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले, तेव्हा अनेक घरांतून हळहळ व्यक्त झाली. वस्तू वर्षानुवर्षे टिकली की तिच्याविषयी अशीच आपुलकी वाटू लागते.

या झाकणाचा गुण त्याच्या रचनेत आहे. मध्यभाग दाबून थोडी हवा बाहेर काढली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि मग बाहेरची हवाच झाकण दाबून धरते. झाकण पॉलिएथिलीनसारख्या मऊ प्लॅस्टिकचे असल्यामुळे ते कडेशी मिळतेजुळते घेते, आणि वेगळी रबरी रिंग नसल्यामुळे धुताना कुठे खरकटे अडकत नाही. याच कंपनीच्या ‘मॉड्युलर मेट्स’ या मालिकेत लंबगोल डबा सर्वांत लहान अर्ध्या लिटरचा, तर सर्वांत उंच २.९ लिटरचा असतो. मधले तिन्ही आकार ठरावीक पायऱ्यांनी वाढत जातात, आणि पाचही डब्यांना एकच झाकण बसते. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या घरात प्रत्येक डब्याचे झाकण निराळे असते, त्या घरात सकाळी शाळेची वेळ झाल्यावर झाकण शोधण्यात काय दशा होते हे सांगायला नको. सगळ्या झाकणांचा एकच ढीग असला आणि त्यातले कोणतेही उचलले तरी चालणार असले, की ही शोधाशोध संपते.

डब्याच्या आकाराचाही हिशेब मांडावा. गोल डबा त्याच्या भोवतीच्या चौरस जागेपैकी सुमारे ७८ टक्केच जागा वापरतो. उरलेली जागा कोपऱ्याकोपऱ्यांत वाया जाते. जुन्या पुणेरी घरांत कडप्प्याच्या फळ्या असतात, त्या एकदा बसवल्या की वरखाली सरकवता येत नाहीत आणि दोन फळ्यांमधली उंची आहे तीच राहते. तिथे गोल डबे लावले तर बाजूचे कोपरेही जातात आणि वरचा भागही मोकळा राहतो. चौकोनी डबे एकमेकांना चिकटून बसतात, दोन लहान डब्यांची उंची एका मोठ्याएवढी भरत असेल तर फळी वरपर्यंत भरते, आणि मागचा डबा काढायला पुढचे दोनच उचलावे लागतात. या कामात चौकोनी डब्याला माझी निःसंशय पसंती आहे. फक्त आतले कोपरे गोलसर आहेत ना, हे पाहून घ्यावे. काटकोनी कोपऱ्यात पीठ साचते आणि तिथेच अळी धरते.

दाबाच्या झाकणाची एक अडचण मात्र खरी आहे. संधिवात असलेल्या बोटांना ते उघडणे जड जाते. चहा आणि साखर यांचे डबे दिवसातून कितीदा तरी उघडले जातात आणि आतला माल लवकर संपतो, तेव्हा त्यांना इतक्या घट्ट झाकणाची गरजच नसते. म्हणून आमच्याकडे सासूबाईंच्या हाताशी असलेले हे दोन डबे साध्या स्टीलचे आहेत, नुसते उचलले की झाकण निघते असे.

फिरकीच्या झाकणाच्या पारदर्शक बरण्या आपल्याकडे पर्लपेटच्या नावाने घरोघरी पोहोचल्या. त्या पेट नावाच्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे पाण्याच्या बाटलीच्याच जातीच्या असतात आणि तळाशी त्रिकोणात १ हा आकडा असतो. काचेइतके स्वच्छ आतले दिसते, वजन नगण्य, किंमत कमी. या प्लॅस्टिकमधून प्राणवायू फार कमी झिरपतो, त्यामुळे शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे असे तेलकट जिन्नस यात ठेवायला मला आवडते. पाण्याच्या वाफेला अडवण्यात मात्र पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे ५ आकड्याचे प्लॅस्टिक, पेटपेक्षा वरचढ ठरते. म्हणून मीठ, पिठीसाखर, पापड आणि भाजलेले पोहे यांना मी पाच आकड्याचाच डबा देते. घरगुती वापरात डबा दिवसाला कितीदा उघडला जातो यावरही बरेच अवलंबून असते, हे खरे. पण कोकणातल्या किंवा मुंबईच्या जुलैमध्ये हा फरक हाताला जाणवतो. पेटची बरणी उकळत्या पाण्याने कधीही धुऊ नये. सुमारे ७० अंशांच्या पुढे हे प्लॅस्टिक मऊ पडू लागते, बरणीचे तोंड वाकडे होते आणि फिरकी पुन्हा नीट बसत नाही. लोणच्याची म्हणून विकत आणलेली, माल संपल्यावर धुऊन ठेवलेली पातळ बरणी तर साठवणीसाठी वापरूच नये. तिचे आटे लवकर झिजतात.

तिसरा प्रकार क्लिपांचा. झाकणाच्या आत सिलिकॉनची रिंग आणि चारही बाजूंना दुमडणाऱ्या कड्या, अशी ही रचना कोरियाच्या लॉक अँड लॉक कंपनीने जगभर पोहोचवली. पातळ पदार्थ न्यायला याला तोड नाही. आमटी, ताक, रस्सा भाजी पिशवीत आडवी झाली तरी सांडत नाही, आणि कार्यालयात डबा नेणाऱ्याने दुसरा प्रकार पाहूच नये. पण यात दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली म्हणजे रिंग. ती खाचेतून काढून वेगळी धुतली नाही, तर तिच्या खाली ओल राहते आणि काळी बुरशी धरते. बोथट काट्याने ती अलगद उचलावी, धुऊन पूर्ण वाळवावी आणि पिळवटणार नाही अशी परत बसवावी. दुसरी म्हणजे कड्यांचा सांधा. तो सांधा म्हणजे प्लॅस्टिकचाच एक पातळ पापुद्रा असतो. चांगल्या डब्यात तो हजारो वेळा दुमडला तरी टिकतो, हलक्या डब्यात पांढरी रेघ पडून लवकर तुटतो. दुकानात कडी चार-पाच वेळा उघडमीट करून पाहावी, आणि दुमडीवर पांढरेपणा दिसला तर तो डबा परत ठेवावा.

धान्याच्या किडीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण डबे घेण्यामागे बहुतेकांचे हेच कारण असते आणि गैरसमजही इथेच सर्वाधिक आहेत. तांदळातले सोंडे बाहेरून डब्यात चढतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मादी दाण्याला भोक पाडून त्यात अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. म्हणजे कीड बहुतेक वेळा दुकानातूनच मालाबरोबर येते, आणि कितीही घट्ट झाकणाचा डबा आणला तरी आत आधीच असलेल्या अंड्यावर त्याचा काही इलाज चालत नाही. त्यासाठी रवा, मैदा, बेसन घरी आणल्यावर चार दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावे, मग साधारण तापमानाला आणून, बाहेरची ओल पुसून डब्यात भरावे. तांदूळ-डाळींना आपल्याकडचे कडक ऊन देण्याची आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालण्याची रीत आहेच. मग घट्ट झाकणाचा उपयोग काय? एका डब्यातली कीड दुसऱ्यात जाऊ न देणे, हा. फळीवर दहा डबे असताना एका रव्यात जाळे धरले, तर सैल झाकणांच्या घरात आठवड्याभरात भाजणी, शेवया आणि साबुदाणाही टाकावा लागतो. घट्ट झाकणांच्या घरात एका डब्यावर निभावते. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हे एवढ्या कष्टाने केलेले जिन्नस असे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठीच मी डब्यांवर पैसे खर्च करायला कधी मागेपुढे पाहिले नाही.

प्लॅस्टिकचा डबा सगळ्याला चालत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. लोणचे आणि मुरांबा चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीतच ठेवावा. मीठ, आंबट रस आणि तेल महिनोन्‌महिने प्लॅस्टिकच्या संपर्कात ठेवणे योग्य नाही, शिवाय त्यात वास मुरतो तो कायमचा. तूप स्टीलमध्ये किंवा काचेत. हिंगाची डबी प्लॅस्टिकच्या डब्यांपासून दूर, पत्र्याची किंवा काचेची. मिसळणाचा डबा मी स्टीलचाच ठेवते. हळद आणि तिखट यांचे डाग, मोहरीचे रोजचे सांडणे आणि फोडणीच्या वेळी गॅसजवळची धग, या सगळ्यांत प्लॅस्टिक लवकर खराब दिसू लागते. गरम पदार्थ तर डब्यात भरूच नये. वाफ झाकणाला लागून पाणी सुटते, ते परत पदार्थात पडते आणि तो लवकर आंबतो. शिवाय गार होताना आतली हवा आकसून झाकण खोल जाते आणि कड वाकते.

मायक्रोवेव्हचे चिन्ह असलेल्या डब्यातही मी रस्सा गरम करत नाही. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते आणि पाणी १०० अंशांना उकळते, म्हणून साधा भात-डाळ गरम करताना डबा तग धरतो. पण तर्रीतले तेल आणि गूळ पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापतात, आणि तवंगाच्या रेषेवर डब्याच्या आतल्या अंगाला खरखरीत वळ उठतात ते यामुळेच. तेलकट आणि तापलेल्या अन्नात प्लॅस्टिकमधले घटक अधिक उतरतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंगविषयक नियमांत अन्नात उतरणाऱ्या अशा एकूण घटकांची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम इतकी ठरवलेली आहे, आणि पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीनसाठी अनुक्रमे आयएस १०१४६ आणि आयएस १०९१० ही भारतीय मानके आहेत. डब्याच्या तळाशी आकडा, पेला आणि काट्याचे चिन्ह, आणि उत्पादकाचे नाव या तिन्ही गोष्टी नसतील तर तो डबा अन्नासाठी घेऊ नये. गरम करायला काचेचे भांडे काढावे. त्यासाठी एक भांडे जास्त घासावे लागले तरी हरकत नाही.

हळदीच्या डागाबद्दल नेहमी विचारले जाते. हळदीतला पिवळा रंग तेलात विरघळतो आणि तेलाबरोबर प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात शिरतो, म्हणून साबणाने तो निघत नाही. पण हाच रंग उजेडापुढे टिकत नाही. धुतलेला डबा दोन-तीन दिवस खिडकीत उन्हाला उपडा ठेवला की डाग फिका होतो, बरेचदा पूर्ण जातो. घासणीने खरवडू नये. ओरखड्यांत तेल बसते आणि पुढचा डाग अधिक खोल जातो. तुपकटपणा मात्र कोमट पाणी आणि साबण यांना थोडा वेळ दिला की सुटतो.

फ्रीजमध्ये उंच डब्यांपेक्षा बसके डबे बरे. कोथिंबिरीच्या डब्यात तळाशी कोरडे सुती फडके घालावे. खवलेला नारळ डीप फ्रीझरमध्ये ठेवायचा असेल तर एका वेळी लागेल एवढ्याच मापाच्या लहान डब्यांत भरावा, आणि ते डबे पॉलिएथिलीनचे किंवा फ्रीझरचे चिन्ह असलेले असावेत. साधे पॉलिप्रॉपिलीन शून्याखाली ठिसूळ होते आणि हातातून निसटले तर तडकते.

मांडणीचे सूत्र मी एकच पाळते: जिन्नस कशात बसतो यापेक्षा तो किती वेळा लागतो हे पाहायचे. तूरडाळ, तांदूळ, कणीक, पोहे आणि रवा छाती आणि कमरेच्या मधल्या फळीवर. उपवासाचे साबुदाणा, वरई, राजगिरा एकत्र, एका उथळ ट्रेमध्ये, म्हणजे चतुर्थीच्या दिवशी ट्रे उचलला की काम झाले. कुरडया, सांडगे, पापड ही उन्हाळ्याची बेगमी सर्वांत वर, हलक्या पण मोठ्या डब्यांत. डब्याचे माप ठरवताना वजनावर जाऊ नये. किलोभर तूरडाळ सव्वा लिटरच्या आसपासच्या डब्यात बसते, पण तेवढ्याच वजनाच्या पोह्यांना दुपटीहून अधिक जागा लागते. आणि नवी डाळ जुनीवर ओतू नये: उरलेली वाटीत काढावी, डबा पुसावा, नवी भरावी, जुनी वर घालावी. पारदर्शक डबा असला तरी झाकणावर भरल्याची तारीख कागदी पट्टीवर लिहून चिकटवावी. मैदा आणि तांदळाचे पीठ लांबून सारखेच दिसते, म्हणून त्यांच्यावर नावेही लिहावीत.

खरेदीसाठी पुण्यात मला रविवार पेठेतली बोहरी आळी सर्वांत सोयीची वाटते. एकाच गल्लीत सगळे प्रकार हाताळून पाहता येतात, डझनाचा भाव मिळतो, आणि दुकानदार झाकण लावून दाखवायला कुरकुर करत नाहीत. “ताई, फळीची खोली मोजून आणली का?” असा प्रश्न तिथे एकाने विचारला होता, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. वरच्या कपाटांची खोली बहुधा फूटभर असते, खालच्या ट्रॉलीची त्याहून बरीच जास्त. दोन्हींसाठी एकच डबा घेतला तर एकीकडे तो बाहेर येतो आणि दुसरीकडे मागे पोकळी राहते. फळीची लांबी, खोली, उंची आणि ट्रॉलीच्या कडेची उंची लिहून न्यावी, टेप पिशवीत ठेवावी. डब्यात पाणी घालून, झाकण लावून उलटा करण्याची परवानगी मागावी. चांगला दुकानदार ती देतो. ऑनलाइन मागवताना ही परीक्षा होत नाही, आणि छायाचित्रात सगळी झाकणे घट्टच दिसतात. एका ऑनलाइन संचातले लहान डबे असे आले होते की त्यांची झाकणे मोठ्यांना बसत नव्हती, आणि सुटे झाकण मिळण्याची सोयही नव्हती. म्हणून संच घेण्याआधी सुटे झाकण मिळते का, हे विचारून घ्यावे. ‘नाही’ असे उत्तर आले तर स्वस्त संचही महाग पडतो.

नवे घर लावणाऱ्याला मी एकदम पन्नास डब्यांचा संच घेऊ देणार नाही. रोजच्या धान्याकरिता एकाच झाकणाचे आठ चौकोनी पॉलिप्रॉपिलीनचे डबे, तेलकट दाण्यांसाठी चार पेटच्या बरण्या, कार्यालयात डबा नेण्याकरिता क्लिपांचे दोन, फ्रीजसाठी तीन बसके, आणि गरम करायला एक काचेचे भांडे, एवढ्यावर चौघांच्या घराचा पहिला पावसाळा नीट निघतो. पुढचे डबे कोणते घ्यायचे ते त्या पावसाळ्यात काय सादळले आणि कशाला कीड लागली, ते पाहून गणपतीनंतर ठरवावे.